क्रूझचे आरक्षण : मागायचे ते डिपॉझिट भरण्याआधी मागा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या वृत्तपत्रात क्रूझच्या जाहिराती दिसू लागतात. ‘चार रात्री, माणशी अमुक हजारांपासून’, ‘मुले मोफत’, ‘ऑफर आजच संपणार’. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली मराठी कुटुंबे त्या वाचून चौकशीला येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : ‘कमी किती करणार?’ मूळ भाड्यात फारसे कमी होत नाही, हे त्याचे खरे उत्तर. ते भाडे जहाज कंपनी ठरवते आणि एजंटाला ते बहुधा खाली आणता येत नाही. पण त्याच भाड्यात आणखी काय काय मिळू शकते, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. सोनाराकडे घडणावळीवरून अर्धा तास घासाघीस करणारी माणसे दीड-दोन लाखांच्या क्रूझचे डिपॉझिट पाच मिनिटांत भरून मोकळी होतात. डिपॉझिट गेले की मागण्याची ताकदही गेली. आरक्षणाच्या व्यवसायात रोज दिसणारी ही गोष्ट सीमाभागातल्या वाचकांपर्यंत तपशिलासह पोहोचावी, म्हणून हे पत्र जरा लांबवत आहोत.

आधी किंमत कशी बनते ते पाहू. जाहिरातीतला आकडा एका खोलीत दोघे राहणार असे धरून माणशी दिलेला असतो आणि तो खिडकी नसलेल्या, सर्वांत स्वस्त इनसाइड केबिनचा असतो. त्यापुढे ओशन व्ह्यू म्हणजे खिडकीची, मग बाल्कनीची आणि शेवटी स्वीट, म्हणजे सर्वांत ऐसपैस आणि महाग खोली. या भाड्यावर बंदर शुल्क आणि कर लागतात, तेही माणशी, ‘मोफत’ मुलालासुद्धा. मग ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी खात्यावर आपोआप पडणारी टीप. परदेशी कंपन्यांच्या मोठ्या जहाजांवर ती माणशी दररोज साधारण १६ ते २० डॉलर असते, स्वीटमध्ये जास्त. एकट्याने जाणाऱ्याला बहुधा खोलीचे दोघांचे भाडे भरावे लागते.

आता ‘मुले मोफत’चा हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. एका ऑफरमध्ये आईवडिलांचे भाडे माणशी ४२,००० आणि दोन मुले मोफत : एकूण ८४,०००. दुसरीत आईवडील माणशी ३१,००० आणि मुले माणशी ९,००० : एकूण ८०,०००. म्हणजे ‘मोफत’ शब्द नसलेली ऑफर चार हजारांनी स्वस्त. दोन्हींवर बंदर शुल्क व कर माणशी ९,००० धरले तर ३६,००० वाढतात. टीप माणशी दररोज १८ डॉलर धरली तर चौघांची चार रात्रींची २८८ डॉलर, डॉलर ९० रुपयांना धरून जवळपास २६,०००. आता पहिल्या ऑफरसोबत १०० डॉलर ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्च करण्यासाठी खात्यात टाकलेली रक्कम, असेल, तर ती नऊ हजारांची भर पडून पुन्हा पारडे फिरते. म्हणून ऑफर कितीही आकर्षक दिसो, अंतिम बेरीज काढून तिला माणसे गुणिले रात्री या आकड्याने भागा. इथे तो आकडा सोळा. दोन ऑफरची तुलना त्या एका आकड्यावर करा, जाहिरातीतल्या मोठ्या अक्षरांवर नको.

एजंटाकडून किती अपेक्षा ठेवायची तेही माहीत हवे. कंपनी त्याला मूळ भाड्यावर साधारण १० ते १५ टक्के कमिशन देते. बंदर शुल्क, कर आणि टीप यांवर काही मिळत नाही. दोन लाखांच्या बिलात ही तीन कलमे ६०,००० ची असतील तर कमिशन उरलेल्या १,४०,००० वर, म्हणजे १४ ते २१ हजार. बेळगावसारख्या शहरातल्या लहान एजंटाला मोठ्या एजंटामार्फत आरक्षण करावे लागले तर त्याच्या हाती त्याहून कमी राहते. त्यातून तीन ते पाच हजारांचा लाभ मागणे रास्त आहे. निम्मे कमिशन मागणाऱ्याला पुढे अडचणीच्या वेळी कोणी उभे करत नाही, आणि त्यातही चूक काही नाही. बऱ्याच कंपन्या जाहीर भाड्यापेक्षा कमी दराने विक्री करायला एजंटांना मनाई करतात. म्हणून रोख सूट न मागता वस्तुरूपाने मागा : ऑनबोर्ड क्रेडिट, टीपेचा काही भाग, बंदरापर्यंतची गाडी, जहाजावरच्या खास उपाहारगृहातले एक जेवण किंवा एका मोबाइलचे वायफाय. या गोष्टी एजंटाला देता येतात.

याहून मोठा लाभ ग्रुप दरात आहे आणि आपल्याकडे तो सर्वांत जास्त वाया जातो. मोठे एजंट लोकप्रिय फेऱ्यांच्या खोल्या वर्षभर आधीच ग्रुपच्या नावाने धरून ठेवतात. भाडे नंतर वाढले तरी त्या खोल्यांचा दर जुनाच राहतो आणि कधी कंपनीने ग्रुपला दिलेला क्रेडिटही सोबत असतो. तुम्ही दोघेच असलात तरी त्या खोलीत तुम्हाला घेता येते. तेव्हा पहिल्या भेटीतच विचारा : ‘या फेरीची तुमच्याकडे किंवा तुमच्या वरच्या एजंटाकडे ग्रुपची जागा आहे का?’

आणि तुमचाच ग्रुप असेल तर? साठीशांत, लग्नाचा रौप्यमहोत्सव, भिशीचे मंडळ, पतसंस्थेचे संचालक, निवृत्त शिक्षकांचा गट : सीमाभागातून क्रूझला निघणारे बरेच लोक अशा निमित्तानेच निघतात. बऱ्याच कंपन्यांत आठ खोल्या किंवा सोळा माणसे झाली की ग्रुप धरतात आणि दर सोळा माणसांमागे एकाचे मूळ भाडे माफ करतात. मोजणी मात्र प्रत्येक खोलीतल्या पहिल्या दोघांचीच होते. तिसऱ्या-चौथ्या जागेवरची मुले सोळात धरली जात नाहीत, आणि माफी मिळालेल्या माणसाचे कर व बंदर शुल्क भरावेच लागते. भाडे ३५,००० असेल तर ती माफी सोळा जणांत वाटून माणशी सुमारे २,२०० पडते. ती आयोजकाने ठेवायची की सर्वांत वाटायची, हे आधीच लिहून ठरवा. घरच्या समारंभानंतर या एका कारणावरून भाऊबंदकी होऊ नये.

ग्रुपचा दुसरा फायदा असा की नावे न देता खोल्या काही काळ धरता येतात आणि ठरलेल्या तारखेआधी परत केल्या तर भुर्दंड पडत नाही. ती तारीख एजंटाकडून लेखी घ्या. घोटाळा होतो तो असा : थोरला भाऊ बेळगावात, धाकटा पुण्यात, बहीण कोल्हापुरात, पुतण्या बंगळुरूत. प्रत्येक जण आपापल्या मोबाइलवर आपापली खोली घेतो आणि मग सगळे मिळून ग्रुपचे लाभ मागतात. वेगवेगळी घेतलेली आरक्षणे नंतर एकमेकांना जोडता येतात, त्यामुळे जेवणाचे टेबल एकत्र मिळते, पण ग्रुपचा दर आणि माफी बहुधा मिळत नाही. एकाने पुढाकार घ्यावा, एकाच एजंटाकडे खोल्या धराव्यात आणि मग ज्याने त्याने आपापल्या खात्यातून पैसे भरावेत.

आपापल्या खात्यातून का, त्याला कारण आहे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर विक्रेत्याला टीसीएस म्हणून कर गोळा करावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून ७ लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के असा दर लागू झाला होता. एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १० लाख झाली आणि एप्रिल २०२६ पासून मर्यादा न ठेवता सरसकट २ टक्के दर आला. हे नियम बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी लागू असलेला दर विचारून घ्या. ही रक्कम ज्याच्या पॅनवर जमा होते त्याच्याच प्राप्तिकर विवरणपत्रात ती वळती होते किंवा परत मिळते. सोळा जणांचे पैसे एका काकांच्या पॅनवर भरले तर सगळा टीसीएस त्यांच्या नावावर जातो. परतावा मिळेपर्यंत बाकीचे पंधरा जण त्यांच्याकडे पाहत बसतात. केवळ विमानाचे तिकीट वेगळे घेतले तर ते पॅकेज ठरत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता वेळ. जानेवारी ते मार्च हा परदेशी कंपन्यांचा मोठ्या ऑफरचा हंगाम, आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुसरी लाट येते. या दिवसांत भाडे फारसे उतरते असे नाही, पण त्यासोबत क्रेडिट, तिसऱ्या-चौथ्या जागेची सूट, कमी डिपॉझिट असे काहीबाही मिळते. उलट बाजूला, निघण्याआधी दोन-अडीच महिने लोकांनी सोडलेल्या खोल्या स्वस्तात निघतात. कोणी कशाची वाट पाहावी? नवरा-बायको दोघेच असतील आणि दोघांचे पासपोर्ट-व्हिसा तयार असतील तर थांबायला हरकत नाही. चौघांच्या कुटुंबाने थांबू नये. चार जण झोपू शकतील अशा खोल्या जहाजावर मोजक्याच असतात. शिवाय सुरक्षा बोटींच्या जागांप्रमाणे जहाजाच्या प्रत्येक भागात किती माणसे ठेवायची याला मर्यादा असते. त्यामुळे खोल्या शिल्लक दिसतात, पण चौघांसाठी शोधले की ‘उपलब्ध नाही’ असे येते. मग दोन खोल्या घ्याव्या लागतात आणि सगळी बचत तिथेच संपते.

शाळेच्या सुट्ट्यांबाबत कर्नाटकातल्या पालकांच्या हाती एक चांगला पत्ता आहे. आपल्याकडे उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास लागते आणि मेच्या अखेरीस शाळा उघडतात. आशियातल्या क्रूझचे मोठे केंद्र असलेल्या सिंगापूरमध्ये शाळांची मोठी सुट्टी जूनमध्ये आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असते, आणि भाडे तेव्हा चढते. म्हणजे ईस्टरचा शनिवार-रविवार आणि चीनमधली १ मेच्या आसपासची सुट्टी टाळली तर एप्रिलचा उत्तरार्ध आणि मेचा मध्य हा काळ आपल्या मुलांना मोकळा आणि तिथे तुलनेने स्वस्त. कोल्हापूर-पुण्याच्या नातेवाइकांसोबत जायचे तर महाराष्ट्रातल्या शाळांमुळे मे धरावा लागतो. दसऱ्याच्या सुट्टीचे गणित उलटे. १ ते ७ ऑक्टोबर हा चीनमधल्या राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा, त्यात सिंगापूरच्या फेऱ्या महाग होतात. सुट्टी परवानगी देत असेल तर निघण्याची तारीख त्या आठवड्याच्या पुढे ढकला. शुक्रवारी सुटणाऱ्या तीन रात्रींच्या फेरीपेक्षा सोमवारी सुटणारी चार रात्रींची फेरी दर रात्री बरीचदा स्वस्त पडते.

ऑनबोर्ड क्रेडिटबद्दल थोडे सविस्तर. जहाजावर खर्च करण्यासाठी खात्यात टाकलेली ही रक्कम दोन प्रकारची असते. एक उरली तर परत मिळते, दुसरी शेवटच्या रात्री संपते. बहुतेक ऑफरमधली दुसऱ्या प्रकारची असते, आणि ती कॅसिनोत सहसा चालत नाही. खर्च करायचा म्हणून नको त्या वस्तू घेण्यापेक्षा एक साधा मार्ग आहे : टीप आगाऊ भरू नका. ती रोज जहाजावरच्या खात्यावर पडू द्या, बहुतेक कंपन्यांत क्रेडिट तिच्यात वळते होते. मग घरून निघताना भरावी लागली असती ती रोख रक्कम वाचते. एजंटाने टीप आधीच बिलात धरली असेल तर ती काढायला सांगा. मात्र ऑफरमध्येच टीप मोफत असेल तर अर्थातच ती घ्या.

पेयांच्या पॅकेजबाबत जपून. कित्येक जहाजांवर मद्याचे पॅकेज एका खोलीतल्या एका प्रौढाने घेतले की दुसऱ्यानेही घ्यावे लागते. घरात एकच जण घेणारा असेल तर हा सौदा आतबट्ट्याचा. ‘मोफत’ पॅकेज देणाऱ्या काही कंपन्या त्या पॅकेजच्या किमतीवरची टीप वेगळी घेतात आणि ती दररोजच्या हिशेबाने मोठी होते. नुसते वायफाय किंवा एखादे जेवण हवे असेल तर निघण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर घ्या, जहाजावर तेच महाग मिळते. आधी घेतलेल्याची किंमत पुढे उतरली तर रद्द करून पुन्हा घेता येते. निघण्यापूर्वी दोन-चार वेळा पाहत जा.

भाडे उतरले तर काय? पूर्ण रक्कम भरण्याची तारीख मोठ्या कंपन्यांत साधारण ७५ ते ९० दिवस आधी असते. तोवर भाडे कमी झाले तर त्याच दर्जाची खोली नव्या दराने मागता येते. पण नवा दर घेतला की जुन्या ऑफरचे लाभ जातात. पाच हजार वाचवून नऊ हजारांचे क्रेडिट घालवू नका. डिपॉझिट परत न मिळणाऱ्या प्रकारातले असेल तर बदलाचे शुल्कही लागू शकते, माणशी १०० डॉलरपर्यंत. एजंट आपणहून दर आठवड्याला भाडे तपासत नाही. तारीख तुमच्या कॅलेंडरवर लिहून तुम्हीच विचारा. त्या तारखेनंतर उतरलेल्या भाड्याच्या फरकाचे पैसे परत मिळत नाहीत, पण भाडे फार उतरले असेल तर एक दर्जा वरची खोली किंवा थोडे क्रेडिट मागून पाहायला हरकत नाही. रिकाम्या खोल्या असतील तर कधी मिळते. रद्द केल्यास ५०, ७५ आणि शेवटी १०० टक्के अशी कपात वाढत जाते. तरी न वापरलेले बंदर शुल्क आणि सरकारी कर बहुतेक कंपन्या परत देतात. ते मागावे लागतात, न मागता कोणी आठवण करून देत नाही.

गॅरंटी केबिन म्हणजे दर्जा तुम्ही निवडता, खोलीचा क्रमांक कंपनी देते. त्यात काही हजार वाचतात आणि नशीब असेल तर वरची खोली मिळते. पण आजी-आजोबा सोबत असतील, कोणाला समुद्र लागत असेल किंवा दोन खोल्या शेजारी हव्या असतील तर ही बचत करू नका. समुद्र लागणाऱ्याला जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली हवी, आणि ती क्रमांक निवडूनच मिळते. वरच्या दर्जासाठी बोली लावण्याची सोय काही कंपन्या देतात. तिथला आकडा माणशी असतो आणि दोघांचा धरला जातो. १०० लिहिले म्हणजे २०० डॉलर. बोली मान्य झाली की पैसे लगेच कापले जातात, आणि खोलीचे ठिकाण पुन्हा कंपनीच्याच मर्जीवर.

क्रूझ कंपनीचे निष्ठा-सदस्यत्व (पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रवाशांना लाभ देणारी लॉयल्टी योजना) मोफत असते, तरी लोक त्याचा क्रमांक आरक्षणात टाकायला विसरतात. प्रत्येक व्यक्तीचे स्वतंत्र काढा, मुलांचेही. रॉयल कॅरिबियन या कंपनीत रात्रीमागे गुण मिळतात आणि खोलीत एकट्याने राहणाऱ्याला दुप्पट. एमएससी ही कंपनी दुसऱ्या क्रूझ कंपनीतला किंवा हॉटेल साखळीतला तुमचा सदस्य-दर्जा पाहून स्वतःचा समान दर्जा देत आली आहे. मात्र तो आरक्षणाआधी मागावा. जहाजावर असतानाच पुढच्या फेरीचे डिपॉझिट भरले तर कमी डिपॉझिट आणि जास्त क्रेडिट मिळते. पुन्हा जाणार हे नक्की असेल तरच भरा. शेअर असतील तर तेही सांगा : रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या कंपन्या आपले १०० शेअर असणाऱ्यांना फेरीच्या लांबीप्रमाणे ५० ते २५० डॉलर क्रेडिट देत आल्या आहेत. एवढ्यासाठी शेअर घेण्यात अर्थ नाही.

मुंबईहून सुटणाऱ्या फेऱ्यांकडे आता वळू, कारण आपल्या भागातून पहिली क्रूझ बहुतेक हीच असते. कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीचे एम्प्रेस हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून इथे फिरते. मूळ बांधणी १९९० ची. त्यावर बाल्कनीच्या खोल्या मोजक्या आहेत. त्यामुळे ‘बाल्कनीत अपग्रेड मिळेल’ या आशेवर राहू नका. इनसाइडवरून खिडकीच्या खोलीत जाणे जास्त शक्य असते, तेच मागा. देशांतर्गत फेरीला सरकारी ओळखपत्र पुरते. लक्षद्वीपला उतरायचे तर प्रवेश परवाना लागतो, तो भाड्यात आहे का आणि कोण काढणार ते विचारा. जैन किंवा कांदा-लसूण नसलेले जेवण आरक्षणावरच नोंदवून घ्या. जीएसटी जाहिरातीच्या आकड्यात आहे की वेगळा, हेही.

बेळगावकरांसाठी इथे एक बचत भूगोलातच आहे. मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास, गोव्यातले मुरगाव बंदर दीडशेच्या आत. ज्या फेरीला गोव्यात चढण्याची किंवा उतरण्याची सोय असेल ती एका बाजूने घेतली तर एका रात्रीचा प्रवास आणि हॉटेल वाचते. चोर्ला घाटाच्या रस्त्याची स्थिती निघण्याआधी पाहा, हातात चार तास जास्तीचे ठेवा. मुंबईहून चढायचे असेल तर रात्रीच्या हुबळी-दादर गाडीने पहाटे उतरून दुपारी जहाज गाठण्याचा बेत अनेक जण करतात. गाडी वेळेवर असेल तर जमते. चेक-इन जहाज सुटण्याच्या बरेच आधी बंद होते आणि उशिरा येणाऱ्याला भाडे परत मिळत नाही. एक दिवस आधी पोहोचणे स्वस्त. सिंगापूरसाठी बंगळुरूहून विमान घेणाऱ्यांनीही हेच करावे. सकाळच्या वंदे भारतने निघाल्यास दुपारी बंगळुरूला पोहोचता येते. परतीच्या दिवशी दुपारी एकच्या आधीचे विमान घेऊ नका.

लांबच्या फेऱ्यांबद्दल एक शब्द. मार्च-एप्रिलमध्ये आशिया-आखातातली जहाजे युरोपकडे जातात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परततात. या एकमार्गी फेऱ्या दर रात्री सर्वांत स्वस्त असतात, निवृत्त जोडप्यांना सोयीच्या. मात्र २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अशा कित्येक फेऱ्या रद्द झाल्या किंवा आफ्रिकेला वळसा घालून गेल्या. मार्ग लेखी पाहिल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नका.

कागदपत्रांत चूक झाली तर मिळवलेले सगळे लाभ पाण्यात जातात. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यावर सहा महिने उरायला हवी. व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा हवा : दुबईहून निघून ओमानला जाऊन जहाज पुन्हा दुबईला येते, बार्सिलोनाहून तुर्कस्तानला जाऊन परत येते, तो दुसरा प्रवेश असतो. आपला पत्ता कर्नाटकातला असल्यामुळे काही देशांचे व्हिसा अर्ज बंगळुरूच्या अखत्यारीत जातात आणि कोल्हापूरच्या नातेवाइकांचे मुंबईच्या; एकाच ग्रुपच्या तारखा त्यामुळे पुढे-मागे होतात. आरक्षणातले नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर घाला. आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, पासपोर्टवर तिसरे, हे आपल्याकडे सर्रास आहे. पूर्ण रक्कम भरल्यावर नाव बदलणे काही कंपन्या रद्द करून नवे आरक्षण धरतात. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला आणि फेरी संपेपर्यंत २४ आठवडे पूर्ण होणाऱ्या गर्भवतीला बहुतेक कंपन्या घेत नाहीत. जहाजावर कार्ड वापरताना मशीनने ‘रुपयांत भरू का’ विचारले तर नाही म्हणा, जहाजाच्या चलनातच भरा. रुपयांतला दर महाग असतो.

विमा डिपॉझिटच्या दिवशीच घ्या, म्हणजे रद्द करण्याचे संरक्षण तेव्हापासून चालू होते. पॉलिसीत क्रूझचा उल्लेख आहे का पाहा. जहाजावरच्या दवाखान्याचे बिल डॉलरमध्ये येते आणि जागेवर भरावे लागते.

एजंटाने कबूल केलेला प्रत्येक लाभ डिपॉझिटआधी ईमेलवर घ्या आणि तो कंपनीच्या इन्व्हॉइसवर आला का तपासा. ‘क्रेडिट जहाजावर मिळेल’ हे तोंडी आश्वासन जहाजावरच्या काउंटरवर कोणी मानत नाही. कबुलीप्रमाणे मिळाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे विक्रेता मुंबई-दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. दोन वर्षांच्या आत. शेवटच्या पानावर शुल्क वाढवत नेणे आणि ‘दोनच खोल्या उरल्या’ अशी खोटी घाई करणे, हे दोन्ही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत मनाई केलेले प्रकार आहेत. मोबाइल-संगणकाच्या पडद्याचे फोटो काढून ठेवा.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक विनंती आहे. क्रूझची जाहिरात घेताना जाहिरातदाराकडून पाच गोष्टी छापून घ्याव्यात : खोलीचा दर्जा, बंदर शुल्क व कर धरून माणशी एकूण रक्कम, टीप वेगळी असल्यास दररोज किती, डिपॉझिट परत मिळणारे आहे की नाही, आणि ऑफर कोणत्या तारखांच्या फेऱ्यांना लागू आहे. दोन ओळींत हे मावते. सुट्टीसाठी वर्षभर पैसे साठवणाऱ्या कुटुंबाला त्या दोन ओळींवरून घरबसल्या बेरीज करता येईल.

कळावे,
आपले,
बेळगाव, खानापूर व निपाणी भागातील प्रवास-आरक्षण व्यावसायिक